वैशाखात कोण जेवतं ते बघ

झाड बारा महिने हिरवं राहतं का, एवढंच विचारून थांबू नको. वैशाखात त्याच्यावर कोण जेवतं, ते विचार. माझी आजी मला हेच सांगायची. आता नव्या घराच्या फाटकापाशी काय लावू म्हणून तू फोन केलास, तर मीही तेच सांगणार.

नर्सरीवाल्यानं तुला काय सांगितलं असेल ते मला तोंडपाठ आहे. मोरपंखी न्या, ख्रिसमस ट्री न्या, कायम हिरवं, पानांचा कचरा नाही, फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन लावली की बंगल्याला शोभा. शोभेशी माझं भांडण नाही. शाळेत असताना आम्हीही मोरपंखीचं पान ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपून ठेवलेलं आहे. दाट मोरपंखीत बुलबुल किंवा मुनिया एखादं घरटंही करते. पण खायला काय? तिथं शून्य. मोरपंखी मूळची चीनकडची, आणि ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. दोन्ही देवदार-चीडाच्या गोतातली, सूचिपर्णी झाडं. हिमालयात या गोताचा मान मोठा आहे. तिथं नटक्रॅकर नावाचा पक्षी कैल झाडाच्या शंकूतल्या बिया काढून खातो, हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो, आणि ज्या खायच्या राहून जातात त्यांतून नवी झाडं उठतात. चिलगोजा तर माणसंही मिटक्या मारत खातात. तिथला पक्षी त्या झाडाला ओळखतो, झाड त्या पक्ष्याला. महाराष्ट्राच्या रानात मात्र या गोतातलं एकही झाड आपसूक उगवत नाही. सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाकडच्या ओल्या घाटांत एक जात आहे, आख्ख्या दक्षिण भारतात तेवढीच. मग आपल्या मुरमात त्याला ओळखणारं कोण असणार?

आपल्याकडचा उन्हाळा तू पुण्यात राहून विसरला असशील. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसतं. येडशीचं रामलिंगाचं रान घे. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण आपल्या जिल्ह्यात रान म्हणावं असं तेवढंच. तेही पानगळीचं. चैत्र सरला की डोंगर करडा दिसतो, नुसत्या काटक्या. २०२४ च्या डिसेंबरात विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत तिथं आला, कॅमेऱ्यात सापडला, आणि सगळ्या महाराष्ट्राला येडशी कुठं आहे ते कळलं. चांगलं झालं. पण त्या रानात जटायूची समाधी म्हणतात तिथं माकडं जगतात, कोल्हे, साळिंदर, मोर जगतात, ते कशावर? ओढ्याकाठच्या उंबरावर, वडावर, पिंपळावर. वाघाची बातमी होते, उंबराची होत नाही.

तेव्हा पहिला कानमंत्र असा: आपल्या मातीतलं हिरवं झाड म्हणजे वड आणि त्याच्या भावकीतलं सगळं. वड पानं टाकतो, पण एका हातानं टाकतो आणि दुसऱ्या हातानं नवी काढतो. उघडा असा तो पडत नाही. मुख्य म्हणजे, बाकी सगळ्यांनी हात वर केले की हा पिकतो.

कधी वैशाखात पहाटे पिकल्या वडाखाली जाऊन उभा राहा. आवाज करू नको, वर टक लावून बघूही नको. आधी टप टप ऐकू येईल. लाल फळं खाली पडत असतात, निम्मी अर्धवट कुरतडलेली. वर बघितलंस तर पानंच दिसतील. जरा दम धर. एखादं ‘पान’ हललं, मान वळवली, की समजायचं हरियाल आहेत. अंग हिरवट-पिवळं, पाय पिवळेधमक. एक दिसला की आणखी दहा दिसतात, सगळे इतका वेळ तिथंच होते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी तो हाच. उजाडलं की तांबट टुक टुक सुरू करतो, मग साळुंक्या भांडायला येतात, कोकिळा चोरासारखी येऊन खाऊन जाते, बुलबुल, पोपट, खारी, नशीब असेल तर राखी धनेशाची जोडी. रात्री मोठी वटवाघळं. सकाळी खाली पडलेला सडा शेळ्या वेचतात, आणि शेळ्यांच्या आधी येऊन गेलेल्यांच्या खुणा धुळीत असतात: साळिंदराचा गळलेला काटा, मुंगसाची धाव. एका झाडाखाली एवढी पंगत तुला दुसरीकडं कुठं दिसणार नाही, लग्नाच्या हंगामातसुद्धा.

आता दुसरी गोष्ट, जी आजीला ठाऊक नव्हती पण जिच्याप्रमाणं ती वागायची. वड, पिंपळ, उंबर यांचं फूल बाहेर दिसत नाही, ते फळाच्या आत असतं. आत जायला तीळभर छिद्र, आणि त्यातून शिरणारा कीटक प्रत्येक झाडाचा आपापला. वडाचा कीटक उंबराकडं जात नाही, उंबराचा वडाकडं येत नाही. उंबर फोडलं की केंबरं उडतात ती हीच. या कीटकाचं बाहेरचं आयुष्य फार थोडं, दिवस-दोन दिवसांचं. तेवढ्यात त्याला त्याच जातीचं, नेमकं कोवळ्या फळांवर आलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. म्हणून ही झाडं आंब्यासारखी सगळी एकदम पिकत नाहीत. एक चैत्रात पिकतं, शेजारच्या गावातलं ज्येष्ठात, तिसरं आश्विनात. वारा या कीटकाला कोसाकोसावर नेतो. म्हणजे तुझ्या गावातला वड टिकायचा तर शिवेपलीकडच्या गावातही वड हवा. आमच्या आजीचा हिशेब साधा होता. ज्या गावच्या वेशीवर वड, त्या गावाला पाखरं. एकच लावून बसू नको, लेकीच्या सासरीही एक लाव. तिनं तसं लावलंही.

आणि बी कोण नेतं तेही ऐकून ठेव. हरियाल खातो पुष्कळ, पण त्याच्या पोटात बी भरडून जातं, त्यामुळं त्याच्याकडून पेरणी फारशी होत नाही. पेरणी करतात तांबट, साळुंकी, कोकीळ आणि वटवाघूळ. वटवाघळाला लोक अशुभ म्हणतात. म्हणू देत. रात्रीत कोसच्या कोस उडून बी टाकत जाणारं दुसरं कुणी आपल्या जिल्ह्यात नाही, आणि मजुरीही मागत नाही.

आता लावायचं कसं. इथं मी सावकाश सांगतो, तूही सावकाश ऐक.

वड लावायच्या दोन रीती आहेत. धीर असेल त्यानं रोप शोधावं. पाखरांच्या विष्ठेतून विहिरीच्या कठड्याला, पडक्या वाड्याच्या भिंतीला, देवळाच्या शिखराला वडा-पिंपळाची रोपं उगवतात. ती तिथं राहिली तर दहा वर्षांत चिरे ढकलून बाहेर काढतात, म्हणून ती काढणं घराच्याही भल्याचं. पहिला पाऊस झाला की दगडाची फट भिजते, मुळी मऊ पडते, तेव्हा ओढू नको, फट कोरून मुळीसकट काढ. पिशवीत माती, शेणखत आणि विटेचा चुरा भर. विटेचा चुरा विसरू नको, भिंतीवर जन्मलेल्या रोपाला नुसती चिकण माती मानवत नाही. वर्षभर सावलीत सांभाळ आणि पुढच्या मृगात जागेवर लाव.

दुसरी रीत फांदीची, आणि आपल्या भागात हीच चालते. कारण विचारशील तर कारण काळं, चार पायांचं आणि चपळ आहे. उस्मानाबादी शेळीची कीर्ती देशभर आहे, दोन-दोन पिल्लं देते, दुष्काळात तगते, गरिबाचं घर चालवते. पण ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली की पाच-साडेपाच फुटांपर्यंतचा पाला तिचाच. कमरेएवढं रोप लावून वर ‘झाडे लावा’ची पाटी लावलीस तर पाटी तेवढी उरेल. म्हणून पूर्वीच्या माणसांनी युक्ती केली: झाडाची पानं शेळीच्या तोंडाच्या वरूनच सुरू व्हावीत.

फांदी अशी घे. जुन्या निरोगी वडाची, सरळ, मनगटापेक्षा जाड, दंडाएवढी चालेल, लांबी आठ-नऊ फूट. ज्याच्या जागेतलं झाड त्याला विचारून घे. करवतीनं काप, कुऱ्हाडीनं खांडोळी करू नको, साल फाटली की फांदी कुजते. सगळी पानं आणि डहाळ्या काढून टाक, मया करू नको, पानं राहिली तर ती पाणी ओढून फांदी सुकवतात. कापल्या जागेतून चीक गळतो, तो आटेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत आडवी ठेव. वरच्या टोकाला शेण-मातीचा गोळा थाप, म्हणजे वरून पाणी आत शिरत नाही आणि टोक वाळत नाही. मग अडीच फूट खोल रोव, बुडखा खाली आणि शेंडा वर. हसू नको, उलट्या रोवलेल्या फांद्या मी पाहिल्यात. भोवतीची माती पायानं चांगली तुडव. फांदी हलली की फुटू पाहणारी मुळी तुटते, म्हणून बाजूला मेढ रोवून बांध, आणि रुजली का म्हणून रोज हलवून बघू नको. पोरांना हेच तेवढं आधी सांग.

पंधरा-वीस दिवसांत लाल-हिरवे कोंब दिसतात. तेव्हा पेढे वाटू नको. ते कोंब फांदीत साठलेल्या रसावर फुटलेले असतात, खाली मुळी असेलच असं नाही. दिवाळी झाल्यावरही पानं टवटवीत असतील तर मूळ धरलं समज. पेढे त्यावेळी, आणि ते कुंथलगिरीचे.

मुहूर्त विचारशील तर ज्येष्ठ. वटपौर्णिमा ज्येष्ठात येते ती उगीच नाही, मृगाचा पाऊस आणि वडाची फांदी यांची गाठ तिथंच पडते. सूनबाईंनाही माझा निरोप दे: बाजारात दहा रुपयांना मिळणारी वडाची डहाळी पुजण्यापेक्षा उभ्या वडापाशी जा. ती बोटाएवढी डहाळी पुजूनही जगत नाही आणि लावूनही जगत नाही, शिवाय तिच्यासाठी कुठल्यातरी झाडाचे ओरबाडे निघालेले असतात. त्या दिवशी गावातल्या बायकांनी मिळून एक दंडाएवढी फांदी रोवली तर सात जन्मांचं पुढचं पुढं, या जन्मात नातवंडांना सावली नक्की. दोरा सुती गुंडाळा. हल्ली नायलॉनचा मिळतो, तो कुजत नाही आणि कोवळ्या खोडात रुतून बसतो.

खड्डा मात्र ज्येष्ठात खणायचा नाही, तो चैत्र-वैशाखातच खणून उन्हात तापू द्यायचा. मुरमात तीन फूट, काळ्या रानात अडीच फूट पुरे. वर काढलेला मुरूम परत आत ढकलू नको, तळ्याची गाळमाती आणि शेणखत भर. वाळवीची जागा असेल तर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. काळ्या रानाची खोड वेगळी आहे. पावसाळ्यात ते झाडाला बुडवतं आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळ्या तोडतं. म्हणून दिवाळीनंतर आळ्यात वीतभर सोयाबीनचं भुसकट किंवा पालापाचोळा अंथर. भुसकट पेटवून देण्यापेक्षा हे बरं.

पाण्याची युक्ती ठेव. हातभर अंतरावर मडकं पूर, तळाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. तीन-चार दिवसांनी भरलं की झालं. वर झाकण ठेव, नाहीतर सरडे आणि पाखरांची पिल्लं आत पडून मरतात. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याकडंही हंड्याचा हिशेब होता. तसल्या वर्षीसुद्धा धुण्याचं आणि आंघोळीचं पाणी मडक्यात जाऊ शकतं. पहिले दोन उन्हाळे पाजलंस तर तिसऱ्यापासून वड तुझ्याकडं काही मागत नाही. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. लावायला माणसं मिळतात, फोटोलाही मिळतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मडकं भरणारा एक माणूस ज्या झाडाला मिळाला, ते उरलं.

कुंपण बोरीच्या काट्यांचं कर, दोन पुरुष उंचीचं नको, छातीएवढं पण दाट. बोरीचा काटा आकडीसारखा असतो, गुरं-शेळ्या एकदा अडकल्या की पुन्हा येत नाहीत.

जागेचं सांगतो, कारण वडावरून भावकीत कोर्टकचेऱ्या झालेल्या मला माहीत आहेत. घरापासून, विहिरीपासून, पाण्याच्या टाकीपासून पन्नास फूट लांब. बांधावर लावायचा असेल तर सावली कुठं पडते ते आधी बघ. रब्बीत सूर्य दक्षिणेच्या अंगानं चालतो, सावली उत्तरेला पडते. तू तुझ्या उत्तरेच्या बांधावर लावलास तर ज्वारी तुझी वाचेल आणि शेजाऱ्याची बसेल, मग तो रात्री बुंध्यात काय ओतेल ते सांगता येत नाही. जिथं उत्तरेला रस्ता, ओढा किंवा गायरान आहे तो कोपरा धर. त्याहून चांगलं म्हणजे स्मशानभूमी, शाळेचं आवार, पाणवठा. आमचं गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी बसलं. घरं रांगेत, रस्ते सरळ, पण मोठं झाड एकही नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं पारावर बसायला माणसं जुन्या गावठाणात जात, चिंचेखाली. चिमण्याही तिकडंच होत्या. नव्या वस्तीत पहिली रुजली ती स्मशानाजवळची वडाची फांदी. तिथं कुणी शेळ्या नेत नाही म्हणून.

फाटकापाशी काय, हा तुझा प्रश्न राहिलाच. तिथं वड नको. हिरवंगारच हवं असेल तर बकुळ लाव. सावकाश वाढते, पानं कधी गळून उघडी पडत नाही, मुळं भिंत फोडत नाहीत, फुलांचा वास दिवाणखान्यापर्यंत येतो आणि केशरी फळं कोकिळा, बुलबुल, वटवाघळं खातात. पहिली काही वर्षं पाणी मात्र मागते. तेही द्यायचं नसेल तर कडुनिंब. त्याच्या निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पिकतात, म्हणजे वडाचा एक बहर सरतो तिथून पाखरांची पुढची सोय. परसात पाणी साचत असेल तर जांभूळ.

शेतात आणखी दोन झाडं आपोआप येतील, ती उपटू नको: बाभूळ आणि बोर. विहिरीवर वाकलेली बाभूळ असेल तर सुगरण तिथंच खोपे बांधते. काटे आणि खाली पाणी, सापाला जायची सोय नाही. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, डिंक तुला. बोरं हिवाळ्यात कोल्हा खातो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण मी त्याला बोरींखालीच जास्त पाहिलंय, आणि त्याच्या विष्ठेतून नवी बोर कुठं उगवायची ते तोच ठरवतो. हे झालं गावरान बाभळीचं. येडी बाभूळ वेगळी. ती लावू नको असं सांगण्यात अर्थ नाही, ती कुणी लावतच नाही, तरी सगळीकडं असते. दिसेल तिथं लहान असतानाच मुळासकट काढ.

आता एक उलटा कानमंत्र. झाडाची एवढी महती गायली म्हणून माळावर लावत सुटू नको. आपल्या आणि सोलापूरच्या शिवेवरचा गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथं लांडगीण विते, काळवीट चरतं, खोकड बीळ करतं, चंडोल आणि धाविक उघड्यावर अंडी घालतात. शेजारी नान्नजला १९७९ पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो आणि त्याला चहूकडं लांबवर दिसावं लागतं. अशा माळांवर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या गेल्या. हिरवं झालं खरं, पण ज्यांचं घर होतं त्यांना ते परकं झालं. गिरिपुष्पाला गावात उंदीरमार म्हणतात, त्यावरून काय ते समज. माळावर गवत राहू दे. झाड ओढ्याकाठी, वस्तीपाशी, बांधाच्या कोपऱ्यात.

भोरड्यांची तक्रार करशील, कारण शाळू हुरड्यावर आला की त्या हजारांनी उतरतात. गोफण हातात घे, मीही घेतली. पण झाड तोडून भोरडी जात नाही. ती मध्य आशियातून आलेली असते, ज्वारी संपली की पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर आणि वडाच्या फळांवर जाते, टोळ आणि अळ्या मटकावते, आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत परतीला लागते. राखणीचे पंधरा दिवस काढ, तेवढ्यासाठी कुऱ्हाड नको.

आणि गावात आधीच उभा असलेला जुना वड? नव्या शंभर रोपांआधी तो सांभाळ. सोलापूर-धुळे रस्ता रुंद झाला तेव्हा निजामाच्या वेळची कडेची किती झाडं गेली ते आम्ही पाहिलंय. तसला एक वड उभा करायला तीन पिढ्या जातात. त्याला सिमेंटचा पार बांधू देऊ नको. बांधायचाच तर कोरड्या दगडांचा, मधे माती उघडी ठेवून. बुंध्याशी कचरा जाळू नये, खिळे ठोकून पाट्या लावू नयेत, ढोलीत सिमेंट भरू नये. ढोलीत पिंगळा असतो, पोपट असतो. वाळकी फांदी वाटेवर नसेल तर राहू दे, तांबट तिच्याच खालच्या अंगाला भोक पाडून पिल्लं काढतो. पारंब्या झोके घेऊन तोडू नका, उलट जमिनीला टेकायला आलेली एखादी निवडून तिच्याखाली पोकळ बांबू उभा करा, आत माती-खत भरा. पारंबी आतून उतरते आणि खांब होते. कोलकात्याशेजारच्या हावड्याच्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड रोगामुळं १९२५ साली काढून टाकावं लागलं, आणि झाड आजही उभं आहे ते पारंब्यांच्या खांबांवर. तेवढं लांब जायचं नसेल तर संगमनेरजवळ पेमगिरीचा वड बघून ये. मूळ खोड कोणतं ते शोधताना दमशील.

पिंपळावर मुंजा असतो असं आजी सांगायची. मी तिला कधी खोटं ठरवलं नाही. त्या भीतीनं जेवढी झाडं वाचली तेवढी नोटिशीनं वाचलेली मला ठाऊक नाहीत. तुझ्या पोरांना मुंजा पटणार नाही. त्यांना पहाटे झाडाखाली नेऊन हरियाल मोजायला लाव, म्हणजे पुढं ती झाडाच्या बाजूनं बोलतील.

स्मशानाजवळच्या वडाची एक सरळ फांदी मी तुझ्यासाठी बघून ठेवली आहे, पंचायतीला विचारलंही आहे. ओढ्याकडच्या कोपऱ्यातला खड्डा अक्षय तृतीयेच्या आत तुझ्या हातानं खणून ठेव, आणि मृगाचा पाऊस झाला की गाडी घेऊन ये.